बीपीची शिबिरं पुरेत, आता नोंदवही हवी

पुण्यात फुकट बीपी तपासून मिळण्याची वानवा नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवाशेजारी, नगरसेवकांच्या वाढदिवसाला, सोसायटीच्या सभागृहात, आणि १७ मे या जागतिक उच्च रक्तदाब दिनाला तर हमखास, टेबल मांडलं जातं, दंडाला पट्टा बांधला जातो आणि चिठ्ठीवर आकडा लिहून दिला जातो. ‘१५८/९६. डॉक्टरांना दाखवा.’ चिठ्ठी खिशात जाते आणि खिशातच राहते. महिन्याभरानं त्या माणसाचं बीपी किती आहे, हे त्याला ठाऊक नसतं आणि शिबिर भरवणाऱ्यांनाही नसतं. किती जणांची तपासणी झाली हा आकडा त्याच संध्याकाळी जाहीर होतो. त्यातल्या किती जणांचं बीपी पुढे आटोक्यात आलं, हा आकडा कोणाकडेच नसतो.

आमचं म्हणणं याच दुसऱ्या आकड्याबद्दल आहे. उच्च रक्तदाबाच्या बाबतीत कामाचा आकडा तेवढा एकच. तपासण्या किती झाल्या, पत्रकं किती वाटली, यंत्रं किती घेतली, यावरून कोणाचा पक्षाघात टळला हे कळत नाही. पुण्यासारख्या शहरानं हा एक आकडा धरून कामाची घडी बसवायला हवी, आणि त्यासाठी शिबिरांवरचा खर्च आणि माणसं नोंदवही (कोणाचं बीपी किती, कोण परत आलं आणि कोण नाही, हे लिहून ठेवणारी) आणि पाठपुराव्याकडे वळवायला हवीत.

आधी प्रश्नाचा आकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १४० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, आणि त्यांतल्या जेमतेम पाचांतल्या एकाचा आटोक्यात आहे. १९९० मध्ये याच वयोगटात असे ६५ कोटी लोक होते. हे बहुतांश श्रीमंत देशांतले असतील ही समजूत जुनी झाली. दोन तृतीयांश रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं देशभर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २० वर्षांवरच्या ३५.५ टक्के लोकांमध्ये उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे सुमारे ३१ कोटी माणसं. चाळिशी ते सत्तरीच्या वयात वरचं बीपी २० नी किंवा खालचं १० नी वाढलं, की हृदयविकारानं किंवा पक्षाघातानं मरण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. ही चढण १४० या निदानाच्या हद्दीपासून सुरू होत नाही, ११५/७५ पासूनच सुरू होते. ‘वय अधिक शंभर म्हणजे नॉर्मल’ हा आडाखा अजून पुष्कळ घरांत ऐकू येतो. तो चूक आहे. वयाबरोबर बीपी वाढलंच पाहिजे असा शरीराचा नियम नाही. १९८८ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ब्राझीलच्या जंगलातल्या, मीठ जवळजवळ न खाणाऱ्या यानोमामी लोकांचं सरासरी बीपी ९६/६१ निघालं, आणि ते वयाबरोबर वाढतही नव्हतं.

या आजाराचं विचित्र दुखणं असं, की तो ओळखायला सोपा आहे, त्याच्या गोळ्या स्वस्त आहेत, आणि तरी तो हाताबाहेर आहे. जनऔषधी केंद्रात ॲम्लोडिपिनची दहा गोळ्यांची पट्टी अमृततुल्यच्या एका कपाच्या आसपास पडते. डॉक्टरांमध्ये ‘निम्म्याचा नियम’ म्हणून एक जुना हिशेब आहे: रुग्णांपैकी निम्म्यांनाच आपल्याला बीपी आहे हे माहीत असतं, त्यांतले निम्मे औषध घेतात, आणि घेणाऱ्यांतल्या निम्म्यांचंच आटोक्यात असतं. शंभरांतले बारा-तेरा. शिबिर या साखळीच्या पहिल्याच कडीला हात घालतं, आणि तोही धड घालत नाही.

धड का नाही, ते पाहू. बीपी मोजणं ही साधी वाटणारी पण नाजूक गोष्ट आहे. माणसानं पाच मिनिटं शांत बसलेलं असावं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री किंवा जिना चढणं झालेलं नसावं. लघवी तुंबलेली नसावी. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. बाही गुंडाळून वर सरकवली तर तीच दंडाला आवळते. दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकलेला हवा. हात खाली लोंबकळत असेल तर दर १० सेंटिमीटरला आकडा सात-आठांनी चढतो, आणि हे कोणाच्या मताचं नाही, रक्ताच्या स्तंभाच्या वजनाचं गणित आहे. मोजताना बोलायचं नाही, तपासणाऱ्यानंही प्रश्न विचारायचे नाहीत. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजावं. दोन्हींत बरीच तफावत आली तर तिसऱ्यांदा.

पट्ट्याच्या मापाकडे तर सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. यंत्रासोबत येणारा नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर शिंप्याच्या टेपनं घेर मोजावा; ३२ च्या वर गेला तर मोठा पट्टा हवा. एक माप लहान पट्टा वापरला तर वरचं बीपी सुमारे ५ अंकांनी जास्त दिसतं, दोन मापं लहान असेल तर २० च्या आसपास. म्हणजे जाड दंडाच्या माणसाला नसलेला आजार चिकटू शकतो. उलट बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला की असलेला आजार लपतो. पट्टा कोणत्या मापाचा वापरला याची नोंद शिबिराच्या चिठ्ठीवर क्वचितच असते.

आता मांडवातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. रांग, स्पीकर, उभ्या उभ्या गप्पा, दंडावर शर्टाची बाही, एकच मोजणी. त्या आकड्यावर कोणाला घाबरवूही नये आणि निर्धास्तही करू नये. निदानासाठी वेगवेगळ्या दोन दिवशी नीट मोजलेलं बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असावं लागतं. घरी मोजत असाल तर हद्द १३५/८५. काहींचं डॉक्टरांसमोर चढतं आणि घरी उतरतं, काहींचं नेमकं उलट होतं. पहिल्याच भेटीत १६०/१०० च्या वर असेल तर मात्र औषधासाठी फार वाट पाहू नये, आणि १८०/११० च्या पुढे असून छातीत दुखणं, धाप, अंधारी किंवा हातापायात कमजोरी असेल तर तडक रुग्णालय गाठावं.

यावर कोणी म्हणेल, पण आपल्याला बीपी आहे हेच निम्म्या लोकांना माहीत नाही, मग शिबिरं बंद कशी करायची? हरकत रास्त आहे. पण ही माणसं सापडायची जागा दुसरी आहे. तिशीच्या पुढचा जो कोणी सर्दीला, दाढदुखीला, नातवाच्या लसीला महापालिकेच्या दवाखान्यात किंवा फॅमिली डॉक्टरांकडे येतो, त्याचं बीपी प्रत्येक वेळी मोजावं. वर्षभरात बहुतेक सगळं शहर कुठल्या ना कुठल्या दवाखान्याची पायरी चढतं. तिथे सापडलेला माणूस आधीच उपचाराच्या दारात उभा असतो, त्याला चिठ्ठी देऊन कुठे पाठवावं लागत नाही.

सापडल्यानंतर काय? इथे आम्ही एका ठरावीक उपचारक्रमाच्या बाजूनं आहोत, आणि हे मत सर्वांना रुचत नाही याची जाणीव आहे. ‘प्रत्येक रुग्ण वेगळा’ हे खरं. पण दहापैकी बहुतेकांना त्याच तीन-चार गोळ्या लागतात. भारतात सार्वजनिक दवाखान्यांसाठी वापरला जाणारा क्रम साधारण असा: ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमनं सुरुवात, महिन्यानं बीपी उतरलं नसेल तर टेल्मिसार्टन ४० ची जोड, मग मात्रा वाढवणं, तरीही नाही तर क्लोरथॅलिडोन १२.५. गरोदर किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना टेल्मिसार्टन चालत नाही, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावं लागतं. निवड अर्थातच डॉक्टरांची. क्रम ठरलेला असला की तीन गोष्टी साधतात. दवाखान्याला पन्नास प्रकारच्या गोळ्यांऐवजी चार प्रकारच्या घाऊक घेता येतात, परिचारिकेला पुढची पायरी माहीत असते, आणि डॉक्टर बदलला म्हणून गोळी बदलत नाही. आज शहरात जे सर्रास होतं ते उलटं आहे: पहिल्या गोळीनं बीपी १७० वरून १५२ वर येतं, ‘बरंच उतरलं की’ म्हणून तीच गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. दुसरी गोळी जोडायचा कंटाळा किंवा संकोच, रुग्णाकडूनही आणि डॉक्टरांकडूनही, हे आटोक्यात न येण्याचं मोठं कारण आहे.

आणि मग गोळी सुटण्याचा प्रश्न. याला ‘लोकांचा हलगर्जीपणा’ असं नाव देऊन मोकळं होणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. गोळी सुटण्यामागे कारणं असतात आणि ती ऐकली तर त्यांवर इलाज असतो. ‘एकदा लागली की सुटत नाही’ ही भीती पहिली. चष्मा लावला म्हणून डोळे बिघडत नाहीत, तसं हे आहे. गोळीची सवय लागत नाही, आजार तिच्याविना परत डोकं वर काढतो. दुसरं, ‘नॉर्मल आलं म्हणून बंद केली’. नॉर्मल गोळीमुळे आलेलं असतं. बंद केल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते पुन्हा चढतं आणि चढताना काही जाणवत नाही. अटेनोलॉलसारखी गोळी तर एकदम थांबवणंच धोक्याचं. तिसरं, ‘चार दिवस घेतली, फरक नाही’. ॲम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. चौथं, याच गोळीनं काहींच्या घोट्यांवर सूज येते. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस मूत्रपिंड बिघडलं असं समजून गोळी टाकून देतो. आधी सांगितलं असेल तर तो येऊन विचारतो, मात्रा कमी होते, जोडीला दुसरी दिली जाते.

काही वेळा गोळी चालू असते आणि बीपी तरीही उतरत नाही. तेव्हा मात्रा वाढवण्याआधी घरातल्या इतर डब्या पाहाव्यात. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन बीपी वाढवते आणि काही बीपीच्या गोळ्यांचा परिणामही कमी करते. सर्दीच्या गोळ्यांमधलं फेनिलेफ्रिन तेच करतं. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांमध्ये सोडियम भरपूर असतं. घसा बसला म्हणून दिवसचे दिवस चघळलेला ज्येष्ठमध शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम घालवतो आणि बीपी चढवतो. निरुपद्रवी समजून कोणी त्याबद्दल डॉक्टरांना सांगतही नाही.

सर्वांत मोठं कारण मात्र वेळ आणि मजुरी. मार्केट यार्डातला हमाल, रिक्षावाला, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांना सकाळच्या ओपीडीत दोन तास रांगेत बसायला सांगणं म्हणजे अर्धा दिवस बुडवायला सांगणं. दर महिन्याला, जन्मभर. तेही काही दुखत नसताना. हे कोणीही फार काळ करणार नाही. हिशेब करून पाहा: एका दवाखान्यात १,५०० रुग्णांची नोंद आहे आणि प्रत्येकाला महिन्याला बोलावलं, तर कामाच्या २५ दिवसांत रोज ६० जण येतात. त्यांतल्या निम्म्यांचं आटोक्यात आहे आणि त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, तर रोजची संख्या ४० वर येते. रांग तिसऱ्या हिश्श्यानं कमी, आणि जादा माणूस न नेमता. आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी सहा ते नऊ दवाखाना उघडा ठेवला तर उरलेल्यांतले बरेच टिकतील. तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या तर साठा हवा, हे उघड आहे. १,५०० जणांची रोजची एक गोळी धरली तरी महिन्याला ४५,०००. त्यामुळे निदान दोन महिन्यांचा राखीव साठा असल्याशिवाय हे सुरूच करू नये. एकदा ‘गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या’ ऐकलेला माणूस पुढच्या आठवड्यात सहसा येत नाही.

मिठाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं जातं आणि मोजून मात्र कोणी पाहत नाही. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलात, आणि त्यात विकतचं लोणचं, पापड, फरसाण, बाकरवडी, बाहेरची मिसळ धरलेली नाही. पापडखार आणि खाण्याचा सोडा हेही सोडियमच. सैंधव हे चवीला वेगळं, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. पाकिटावर सोडियमचा आकडा छापलेला असतो, त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका मोठ्या चाचणीत ६०० खेड्यांतल्या सुमारे २१,००० जोखमीच्या लोकांपैकी निम्म्यांना नेहमीच्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं गेलं, आणि त्यांच्यात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. शहरातल्या खानावळी आणि कँटीनसाठी हा विचार जरूर व्हावा. पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नये. रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदयाचा ठोका बिघडतो.

नोंदवहीकडे परत येतो. हे कुठलं स्वप्नरंजन नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपल्या शेजारचा सातारा होता. सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धाही होते. ठरलेला उपचारक्रम, गोळ्यांचा पुरवठा, प्रत्येकाचं कार्ड, न आलेल्यांना फोन, आणि दर तिमाहीला हिशेब, एवढ्याच गोष्टी त्यात होत्या. उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचं बीपी आटोक्यात आलं आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार या कामाला मिळाला. बांगलादेशानं काही भागांत याच वाटेनं २०१९ मधल्या १५ टक्क्यांवरून २०२५ पर्यंत ५६ टक्क्यांपर्यंत मजल मारली. शहरात हे गावापेक्षा अवघड आहे, मान्य. पुण्यातले बहुतेक लोक खासगी डॉक्टरांकडे जातात, भाड्याची खोली बदलली की दवाखाना बदलतो, बांधकामावरचा मजूर काम संपलं की दुसऱ्या गावी जातो. म्हणून तर कार्ड माणसाजवळ हवं आणि नोंद कुठल्याही दवाखान्यात उघडता यायला हवी, आणि शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनांना सुरुवातीपासून सोबत घ्यायला हवं.

हिशेब करताना एक चलाखी टाळायची. जानेवारी ते मार्चमध्ये १०० जणांची नावं घातली, त्यांतले ६० जूनमध्ये आले, ४५ जणांचं बीपी १४०/९० च्या खाली निघालं. आलेल्यांवर भागलं तर ७५ टक्के, नोंदवलेल्यांवर भागलं तर ४५. खरा आकडा ४५ आहे, कारण न आलेल्या ४० जणांतल्या बहुतेकांनी गोळी सोडलेली असते. दुसरी तपासणी वहीतल्या शेवटच्या अंकाची. डिजिटल यंत्रानं मोजलं तर दहातली साधारण एक मोजणी शून्यावर संपेल. वहीत पानभर १३०/८०, १४०/९०, १२०/८० असंच दिसत असेल तर ते आकडे यंत्रातून आलेले नाहीत.

मंडळांनाही यात काम आहे, आणि ते शिबिरापेक्षा मोठं आहे. मांडव दहा दिवसांचा असतो, मंडळ वर्षभराचं असतं. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत एक तपासून मान्यता मिळालेलं यंत्र, दोन मापांचे पट्टे, पाठ असलेली खुर्ची, टेबल आणि शांतता एवढं ठेवलं, आणि वस्तीतल्या बीपीच्या त्याच ऐंशी-शंभर माणसांचं दर महिन्याला मोजून त्यांच्या कार्डावर लिहिलं, तर दवाखान्याचा निम्मा भार हलका होईल. कोण आलं नाही हे गल्लीतल्या कार्यकर्त्याइतकं दुसऱ्या कोणाला कळत नाही. हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’सारख्या ठिकाणी कष्टकरी रोज जेवायला येतातच; तिथेही हे सहज बसेल.

महापालिकेकडे मागणी एवढीच: प्रत्येक दवाखान्याच्या दारावर एक फळा, त्यावर दर तिमाहीला चार ओळी. नोंद झालेले किती, त्यांतले आटोक्यात किती, न उतरलेले किती, न आलेले किती. पहिल्या तिमाहीत आटोक्यातले ४५ च्या जागी २५ भरले तरी २५ च लिहावेत. न आलेल्यांची नावं आणि फोन नंबर त्याच वहीत असतात, आणि आशा सेविकेचं दुसऱ्या दिवशीचं काम तिथून सुरू होतं: फोन करायचा, का आला नाहीत असं न विचारता गोळ्या किती उरल्यात आणि कुठल्या वेळी येणं जमेल ते विचारायचं, आणि ती वेळ वहीत लिहायची.